अस्पर्श पृष्ठाचा शोध

वितळलेली काच कशालाही न टेकता थिजली, तर तिचा पृष्ठभाग आपोआप तुळतुळीत आणि चकचकीत होतो. तिला घासावे लागत नाही की पॉलिश करावे लागत नाही. द्रवाचा पृष्ठताणच ते काम करतो. पण तीच काच सपाट हवी असेल, तर तिला कशावर तरी टेकवावे लागते, आणि टेकवली की खालच्या पृष्ठाचा खरबरीतपणा ती उचलते. चकाकी हवी तर स्पर्श नको, सपाटी हवी तर स्पर्श टळत नाही. सपाट काच बनवण्याच्या सुमारे दोन हजार वर्षांच्या इतिहासातल्या बहुतेक मोठ्या सुधारणा या एका पेचातून वाट काढताना झाल्या आहेत. त्या सुधारणा कशा घडल्या आणि पुढची कोणती सुधारणा आता आपल्या दाराशी उभी आहे, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

रोमन काळातल्या तावदानांतही हा पेच स्पष्ट दिसतो. पॉम्पेईसारख्या ठिकाणी सापडलेल्या ओतीव काचांची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी मंद, खरबरीत. जी बाजू तळाला लागली ती निस्तेज झाली. जी हवेकडे राहिली ती उजळ राहिली. अशा तावदानातून उजेड आत येई, बाहेरचे दृश्य मात्र नीट दिसत नसे. आपल्याकडे गोव्यातल्या जुन्या घरांत लाकडी चौकटींमध्ये शिंपल्यांची पातळ तावदाने बसवत, त्यांचेही तेच. पावसापासून बचाव होई, घरात मऊ उजेड पसरे, पण रस्त्यावरून कोण चालले आहे हे ओळखता येत नसे. उजेड आत घेणे ही एक गरज आहे आणि दृश्य जसेच्या तसे दाखवणे ही दुसरी. दुसरी गरज भागवायची तर काचेची दोन्ही पृष्ठे गुळगुळीत हवीत, सपाट हवीत आणि एकमेकांना काटेकोर समांतरही हवीत. जाडीत थोडासा चढउतार झाला तरी पलीकडचा विजेचा खांब वाकडा दिसतो.

म्हणूनच बाटलीपेक्षा तावदान करणे कितीतरी अवघड आहे. बाटलीला साचा असतो, आणि तिच्या पृष्ठावर एखादी लाट उमटली तरी तिच्या कामात बाधा येत नाही. तावदानाचे कामच आरपार दिसू देणे. त्यातला प्रत्येक दोष डोळ्यांसमोर येतो. वाळूचा न वितळलेला कण म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘स्टोन’, बारीक बुडबुडा म्हणजे ‘सीड’, आणि मिश्रण एकजीव न झाल्यामुळे उमटलेली दोरी म्हणजे ‘कॉर्ड’. बाटलीत खपून जाणारे हे दोष काचेच्या मोठ्या तक्त्यात खपत नाहीत. त्यामुळे सपाट काच सुधारायची म्हणजे तिला आकार देण्याची रीत सुधारायची, आणि त्याआधी मिश्रण, भट्टी आणि निववण हेही सुधारायचे.

या पदार्थाचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. बर्फ शून्य अंशाला वितळतो, कथील २३२ अंशांना. काचेला असा ठरलेला वितळणांक नाही. गुळाचा पाक जसा निवताना आधी तार धरतो, मग गोळीबंद होतो आणि शेवटी कडक होतो, तशी काच शेकडो अंशांच्या पट्ट्यात हळूहळू दाट होत जाते. काचेला आकार देण्याची सारी कला या पट्ट्यात चालते. शुद्ध वाळू वितळायला सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. सोडा घातला की ती गरज बरीच खाली येते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना लागतो. आजच्या खिडकीच्या काचेत ढोबळमानाने ७२ टक्के सिलिका, १३ ते १४ टक्के सोडा, ८ ते ९ टक्के चुना आणि ४ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशिया असतो. हा मॅग्नेशिया डोलोमाइटमधून येतो. काच नको त्या तापमानाला फार वेळ रेंगाळली तर तिच्यात स्फटिक धरू लागतात, आणि स्फटिक धरले की पारदर्शकता गेली. मॅग्नेशिया ही प्रवृत्ती आवरतो. वाळूतले लोह काचेला हिरवी झाक देते, म्हणून कमी लोहाच्या वाळूला मोल आहे. आपल्या सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातून निघणाऱ्या सिलिका वाळूचे मोलही तिच्या शुद्धतेवरच ठरते.

यंत्र येण्यापूर्वी या पेचावर दोन उपाय निघाले, आणि दोन्ही फुंकनळीतून. क्राउन काचेत कारागीर काचेचा फुगा फुंकी, तो लोखंडी सळईवर घेऊन भट्टीच्या तोंडाशी पुन्हा तापवी आणि गरगर फिरवी. फिरण्याच्या जोराने फुगा उघडून त्याची चकती होई. ही चकती हवेतच थिजे, त्यामुळे तिची चकाकी अप्रतिम असे. पण ती किंचित बाकदार, मध्यभागी जाड, आणि तिच्यातून निघणारी चौकोनी तावदाने लहान. जुन्या युरोपीय घरांच्या खिडक्यांना इतक्या लहान चौकटी का असत, त्याचे एक मोठे कारण इथे सापडते. दुसरी रीत नळकांड्याची. काचेचा लांबट फुगा फुंकून, खड्ड्यावर लंबकासारखा झुलवून त्याचे नळकांडे करायचे, दोन्ही टोके कापायची, उभी चीर द्यायची आणि दुसऱ्या भट्टीत मऊ करून ते उलगडायचे. यातून मोठा तक्ता मिळे, पण उलगडताना तो भट्टीच्या तळाला टेके आणि वरून लाकडाने दाबावा लागे. चकाकी कमी होई. शिवाय नळकांड्याचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा मोठा, त्यामुळे उलगडलेल्या काचेत लाटा राहत. एका रीतीत चकाकी टिकली, सपाटी हुकली. दुसरीत सपाटी आली, पण चकाकी मंदावली.

या कामाची किंमत माणसांनी चुकवली, हे कोणत्याही तांत्रिक इतिहासात लिहून ठेवायला हवे. तळपत्या काचेकडे वर्षानुवर्षे पाहून कारागिरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होई. वैद्यकशास्त्रात त्याला काचफुंक्यांचा मोतीबिंदू असेच नाव पडले. वाळूची धूळ फुप्फुसात साठे. मोठे नळकांडे फुंकायला छाती आणि खांदे पहाडासारखे लागत, आणि उमेदीची वर्षे सरली की शरीर साथ सोडी. यंत्राने या कारागिरांचे कसब आणि पोट दोन्ही हिरावले, हे खरे. त्याच यंत्राने पुढच्या पिढ्यांना त्या भट्टीच्या तोंडापासून दूर केले, हेही खरे. या पुस्तकात दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत.

सुधारणा कारखान्याच्या भिंतीबाहेरही अडते. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून काचेवर वजनाप्रमाणे अबकारी कर होता. साहजिकच पातळ क्राउन काच करणे सोयीचे ठरे, आणि मोठ्या, जाड तक्त्यांचे प्रयोग महाग पडत. त्यातच खिडक्यांवर १६९६ पासून वेगळा कर होता. काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक इथल्या चान्स ब्रदर्सनी १८३२ पासून फ्रान्सच्या जॉर्ज बाँताँ यांच्या मदतीने नळकांड्याची सुधारलेली रीत इंग्लंडात रुजवली होती. कर उठल्यावर तिला मोकळे रान मिळाले. जोसेफ पॅक्स्टनच्या आराखड्यावरून १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, तेव्हा सुमारे तीन लाख तावदाने याच कारखान्याने पुरवली. प्रत्येक तावदान ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद होते, आणि ती सगळी माणसांच्या फुंकरीतून आलेली होती. त्या तावदानाच्या मापाने त्या प्रचंड इमारतीच्या छपराची मांडणी ठरली. काचेची रीत सुधारली की वास्तुकला कशी बदलते, याचा इतका ठळक पुरावा क्वचितच मिळेल.

श्रीमंतांच्या काचेचा रस्ता वेगळा होता. चौदाव्या लुईच्या काळात, मंत्री कोल्बेरच्या पुढाकाराने १६६५ मध्ये फ्रान्समध्ये आरशांचा शाही कारखाना निघाला. व्हेनिसच्या मुरानो बेटाची मक्तेदारी मोडणे हा त्यामागचा हेतू. व्हर्सायच्या आरसेमहालातले ३५७ आरसे या कारखान्याचे. शतकाच्या अखेरीस पिकार्डीतल्या सँ-गोबँ या गावी काच धातूच्या टेबलावर ओतून, वरून जड रूळ फिरवून तक्ता करण्याची रीत बसली. दोन्ही बाजूंना स्पर्श झालेला, म्हणून दोन्ही बाजू आंधळ्या. मग आधी वाळू-पाण्याने, नंतर कुरुंदाच्या पुडीने आणि शेवटी लोहाच्या तांबड्या भस्माने दिवसचे दिवस घासून चकाकी परत आणायची. इथे स्पर्श मान्य केला होता आणि त्याचे प्रायश्चित्त घासण्यात घेतले होते. या ‘प्लेट ग्लास’मधून दृश्य निर्दोष दिसे, पण ती राजवाड्यांना आणि बड्या दुकानांनाच परवडे. सामान्यांच्या वाट्याला लाटांची ‘शीट ग्लास’ आली. हे दोन वेगळे धंदे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे शेजारी शेजारी चालले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगीने मोठी झेप घेतली. सीमेन्स बंधूंच्या भट्टीत बाहेर जाणाऱ्या धुराची उष्णता विटांच्या जाळीत साठवून त्याच जाळीतून आत येणारी हवा तापवली जाई. इंधन वाचले, तापमान चढले, आणि मडक्यांऐवजी मोठ्या टाकीत अखंड काच वितळवणे शक्य झाले. काच अखंड वाहू लागली, तेव्हा तिच्यातून अखंड पट्टा का ओढू नये, हा प्रश्न अटळ होता. पोलादासाठी प्रसिद्ध झालेल्या हेन्री बेसेमरने १८४० च्या दशकातच काच दोन रुळांतून लाटून पाहिली होती. कल्पना बरोबर होती, पण रुळांच्या स्पर्शाने काच आंधळी होई. पुढे अमेरिकेत जॉन लबर्सच्या यंत्राने विसाव्या शतकाच्या आरंभी दाबाच्या हवेवर सुमारे १२ मीटर उंचीची नळकांडी ओढली. माणसाची छाती मोकळी झाली, पण रीत जुनीच राहिली: नळकांडे करा, चिरा, उलगडा.

खरी वाट बेल्जियममध्ये उघडली. एमिल फूर्को याने टाकीतल्या काचेवर चिकणमातीचा एक लांब ठोकळा दाबून तरंगता ठेवला. त्याला मध्ये उभी चीर होती. दाबामुळे चिरेतून काच वर उसळे, तिला वर ओढून घेत, आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या थंड नळ्या तिला थिजवत. नंतर ती उभ्या चिमणीसारख्या मनोऱ्यातून रुळांच्या जोड्यांमधून वर चढे. रूळ लागेपर्यंत ती पुरेशी कडक झालेली असे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही रीत धंद्यात उतरली आणि तिने जगातल्या खिडक्या भरून काढल्या. तिचा दोष त्या चिरेतच होता. चिरेच्या कडांचा स्पर्श काचेवर उभ्या रेघा सोडी, कडांवर स्फटिक धरत, आणि मग यंत्र थांबवून कडा साफ कराव्या लागत. म्हणून मिश्रणातच फेरफार केला गेला. चुना घटवून सोडा वाढवला आणि मॅग्नेशियाचा आधार घेतला. अमेरिकेत आयर्विंग कोलबर्नने चीरच काढून टाकली. मोकळ्या पृष्ठातून पट्टा वर ओढून तो रुळावरून आडवा वळवायचा, ही त्याची रीत लिबी-ओवेन्स कंपनीने १९१७ पासून चालवली. पिट्सबर्गच्या रीतीने चीर असलेला ठोकळा वगळून काचेत बुडलेल्या आडव्या ठोकळ्याच्या आधाराने मोकळ्या पृष्ठातून उभी ओढ साधली. तिन्हींत चकाकी राहिली. पण ओढताना जाडी किंचित इकडेतिकडे होई, आणि लाट काही केल्या सुटेना.

प्लेट ग्लासच्या बाजूलाही यंत्रे आली. मोटारींना काच हवी होती, आणि ती लाटांची चालत नव्हती. अमेरिकेची फोर्ड आणि इंग्लंडची पिल्किंग्टन या कंपन्यांनी १९२० च्या दशकात काच अखंड लाटून, अखंड घासण्याची साखळी उभी केली. १९३५ मध्ये पिल्किंग्टनने दोन्ही बाजू एकाच वेळी घासणारे प्रचंड यंत्र चालू केले. अभियांत्रिकीचा तो एक विलक्षण नमुना होता. तरीही काचेचा बराच भाग घासून वाया जाई, वीज अमाप लागे, आणि वाळू, पाणी, तांबडे भस्म यांच्या चिखलाचे डोंगर साठत. चुकीच्या दिशेने कितीही परिपूर्णता गाठली तरी मूळ पेच सुटत नाही, हे या यंत्राकडे पाहून कळते.

तो पेच सोडवणारी कल्पना सांगायला सोपी आहे. काच टेकवायचीच असेल, तर द्रवावर टेकवा. द्रवाचा पृष्ठभाग निसर्गतः सपाट असतो आणि त्याला खरबरीतपणा नसतो. वितळलेल्या धातूवर काच ओतण्याची पेटंटे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघालीही होती. त्यातून काच मात्र निघाली नाही. अॅलस्टर पिल्किंग्टन हा तरुण अभियंता १९४७ मध्ये सेंट हेलेन्सच्या पिल्किंग्टन ब्रदर्समध्ये आला. आडनाव तेच असले तरी मालक घराण्याशी त्याचे जवळचे नाते नव्हते. १९५२ मध्ये त्याने या कल्पनेवर काम सुरू केले. केनेथ बिकरस्टाफ आणि इतर सहकारी त्याच्या बरोबर होते.

धातू कोणता घ्यायचा? तो काचेपेक्षा जड हवा, सहाशे अंशांना द्रव राहणारा हवा, हजार अंशांना त्याची वाफ होता कामा नये, आणि काचेशी त्याने रासायनिक भांडण काढता कामा नये. या कसोट्यांवर कथील टिकले. ते २३२ अंशांना वितळते आणि अडीच हजार अंशांच्या पुढे उकळते. काच सुमारे हजार अंशांना त्याच्यावर पसरते, पुढे सरकताना निवते आणि सहाशे अंशांच्या आसपास इतकी कडक होते की रुळांवर उचलली तरी तिच्यावर खूण उमटत नाही. मात्र कथिलाला प्राणवायू सोसत नाही. त्याचे ऑक्साइड होऊन मळी धरते. म्हणून संपूर्ण कुंडावर नायट्रोजन आणि थोड्या हायड्रोजनचे वातावरण ठेवावे लागते. गंधकाचा मागमूसही त्रास देतो. काचेतले बुडबुडे घालवायला मिश्रणात सोडियम सल्फेट घालतात. त्यातला गंधक कथिलाशी मिळून वाफ बनतो, छताला लागतो आणि ठिपके होऊन काचेवर गळतो. खिडकीची काच सुधारायला धातुविज्ञान आणि वायूंचे रसायन शिकावे लागले.

इथे निसर्गाने एक मदत केली. कथिलावर मोकळी पसरलेली काच गुरुत्व आणि पृष्ठताण यांच्या तोलात सुमारे साडेसहा ते सात मिलिमीटर जाडीला थांबते. ती किंचित ताणली की सहा मिलिमीटरची काच मिळे, आणि त्या जाडीला बाजारात मोठी मागणी होती. पातळ काचेसाठी कडांना दातेरी चाकांनी धरून ताणायचे आणि जाड काचेसाठी बाजूंनी अडवायचे, हे नंतर शिकून घेतले गेले. आज याच रीतीने अर्ध्या मिलिमीटरपासून पंचवीस मिलिमीटरपर्यंत काच निघते.

तरीही कल्पनेपासून विक्रीयोग्य काचेपर्यंतचा रस्ता खडतर निघाला. १९५७ मध्ये सेंट हेलेन्समधल्या काउली हिल इथे पूर्ण आकाराचा कारखाना सुरू झाला आणि पुढचे चौदा महिने तिथे विकता येईल अशी काचच निघाली नाही. दरमहा सुमारे एक लाख पौंड बुडत होते. संचालक मंडळाने काम थांबवले नाही. शेवटी चांगली काच निघाली. मग एका दुरुस्तीनंतर ती पुन्हा बिघडली. शोध घेतल्यावर उलगडले की आधीच्या यशामागे काच ओतण्याच्या मुखाजवळ नकळत झालेल्या मोडतोडीचा हात होता. तिच्यामुळे जी काच भट्टीच्या विटांना घासून आली होती, ती प्रवाहात कडांकडे ढकलली जाई आणि कडा शेवटी कापूनच टाकल्या जात. योगायोगाने मिळालेले हे फळ समजून घेऊन ते रचनेत मुद्दाम बसवले, तेव्हा यश हाती टिकले. २० जानेवारी १९५९ रोजी ही ‘फ्लोट’, म्हणजे तरंगत्या काचेची, पद्धत जगाला जाहीर झाली. तोवर सुमारे सत्तर लाख पौंड खर्च झाले होते. १९६२ मध्ये अमेरिकेच्या पीपीजी या काचकंपनीने पहिला परवाना घेतला आणि बघता बघता जगभरची घासण्याची यंत्रे भंगारात गेली. शीट आणि प्लेट हा भेदच संपला. साध्या खिडकीला आणि राजवाड्याला एकच काच मिळू लागली. सुधारणेचे याहून मोठे फळ मला दिसत नाही.

या इतिहासातून मला उमगलेली गोष्ट या पुस्तकाचा कणा आहे. उत्पादनाची खरी सुधारणा एखादा टप्पा वेगवान करून होत नाही. तो टप्पा कशामुळे लागतो हे शोधून तो अनावश्यक केला की होते. दुहेरी घासणीच्या यंत्राने घासणे वेगवान केले, फ्लोटने घासण्याचे कारणच काढून टाकले. पण त्यासाठी पेच कुठे आहे हे अचूक सांगता यावे लागते, आणि तोट्यातले महिने सोसणारी संस्था मागे उभी असावी लागते. बुद्धिमान माणूस आणि धीराची संस्था यांपैकी एक जरी नसते, तरी कथिलावर तरंगणारी काच पेटंटाच्या कागदावरच राहिली असती.

महाराष्ट्राचा काचेशी संबंध जुना आणि अभिमानाचा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दरवर्षी माणशी एक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. तिथे शिकलेल्या कारागिरांनी देशात ठिकठिकाणी काचेचे धंदे उभारले. तळेगावचे पहिले धडे देणारे ईश्वरदास वार्ष्णेय पुढे उत्तरेत बहजोईला गेले आणि खिडकीच्या काचेकडे वळले. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये निघालेल्या काचकारखान्याने पुढे प्रभाकर कंदिलाच्या रूपाने घराघरात उजेड नेला. सपाट काच मात्र आपल्याकडे दीर्घकाळ उभ्या ओढीच्या पद्धतीनेच होत राहिली. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या खिडक्यांत तिच्या लाटा अजून दिसतात. फ्लोट पद्धत भारतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. गुजरातेत अंकलेश्वरला आणि आपल्याकडे पनवेलजवळ तळोज्याला तिचे आरंभीचे कारखाने निघाले.

पेच सुटला म्हणजे काम संपले असे नाही. आज काचेचा नवा पेच तिच्या आगीत आहे. फ्लोटची भट्टी एकदा पेटली की दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त, रात्रंदिवस जळते. ती थंड करता येत नाही. टाकीत शेकडो टन वितळलेली काच असते. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा इंधनाचा असतो. उरलेला सोडा, चुनखडी आणि डोलोमाइट यांच्यातूनच सुटतो, कारण हे तिन्ही कार्बोनेट आहेत. इंधन कितीही स्वच्छ केले तरी हा दुसरा हिस्सा उरतोच. त्यावरचा हुकमी उपाय जुनी काच हा आहे. मिश्रणात दर दहा टक्के काचतुकडे वाढवले की भट्टीची ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्के वाचते, आणि तुकड्यांतून नवा कार्बन सुटत नाही. २०२१ मध्ये सेंट हेलेन्सलाच हायड्रोजनवर फ्लोट भट्टी चालवण्याची चाचणी झाली. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या अनिश इथे सँ-गोबँने केवळ जुन्या काचेपासून, बायोगॅस आणि कार्बनमुक्त विजेवर काही दिवस सपाट काच काढली. हे अजून चाचण्यांचे यश आहे. १९५७ मध्ये काउली हिलही याच टप्प्यावर होते.

यात आपला वाटा मोठा असू शकतो. पुण्या-मुंबईत रोज इमारती पाडल्या जातात आणि त्यांच्या खिडक्यांची काच राडारोड्यात मिसळून भरावात जाते. बाटली भंगारवाला घेतो, तावदानाला मात्र गिऱ्हाईक नाही. कारण भट्टीला स्वच्छ काच लागते. चिनी मातीचा एक कपचा वितळत नाही आणि तक्त्यात स्टोन म्हणून उमटतो. अॅल्युमिनियमची चौकट, रबर आणि दोन काचांमधला प्लॅस्टिकचा थर वेगळा करावा लागतो. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराने काच आधी उतरवून वेगळी ठेवली, महापालिकेने तिच्यासाठी जागा दिली आणि कारखान्याने तिला रास्त भाव दिला, तर हा पेच सुटण्यासारखा आहे. भट्टीइतकीच सुधारणा या साखळीत हवी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुस्तकाचा शेवटचा भाग मी त्यासाठीच राखला आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात वाळू, सोडा, चुना आणि आग. दुसऱ्यात फुंकनळी आणि ओतीव तक्ता. तिसऱ्यात ओढीची यंत्रे. चौथा, सर्वांत मोठा भाग फ्लोटचा. त्यात कथिलाचे कुंड, पट्ट्याचे ताणणे, ‘लेर’ नावाच्या लांब बोगद्यात काच सावकाश निववणे आणि दोषांची ओळख सविस्तर दिली आहे. शेवटच्या भागात जुन्या काचेची साखळी. निववणीचे प्रकरण नीट वाचावे, अशी खास विनंती. काच घाईने निवली तर तिच्यात ताण अडकतो, आणि दिसायला निर्दोष तक्ता कापताना फुटतो. हाच ताण मुद्दाम आणि मोजून दिला की कडक केलेली सुरक्षाकाच तयार होते. एकाच घटनेची ही दोन रूपे शेजारी ठेवून समजावली आहेत.

हे पुस्तक पदविका आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, खिडक्या बसवणाऱ्या कारागिरांसाठी आहे, घर बांधताना काच निवडणाऱ्यांसाठी आणि नवे शिकायची हौस असलेल्या कोणाही वाचकासाठी आहे. कारखान्यात रुळलेले शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण उद्या भट्टीवर उभे राहणाऱ्या मुलीला तेच ऐकायला मिळणार आहेत. गणित लागेल तिथेच दिले आहे, आणि लागेल तिथे टाळलेले नाही. आपल्या भाषेत उद्योगांच्या यशोगाथा पुष्कळ आहेत. वस्तू प्रत्यक्ष कशी घडते, ती रीत कुठे अडली आणि कोणी कशी सोडवली, याचे लेखन त्या मानाने थोडे आहे. ती उणीव थोडी जरी भरून निघाली तरी माझे श्रम कारणी लागले असे मी समजेन.

वाचकाकडून माझी एक अपेक्षा आहे. प्रत्येक प्रकरण वाचताना स्वतःला विचारावे: या टप्प्यावर नेमके काय अडले होते, आणि अडचण दूर करणाऱ्याने ती आधी कोणत्या शब्दांत मांडली? सिंधुदुर्गातली वाळू, तळोज्याची भट्टी, पुण्यातले पाडकाम आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळा एकमेकांपासून फार दूर नाहीत. काचेच्या आगीचा पेच आज कोणी तरी अचूक मांडण्याची वाट पाहत आहे. तो मांडणारे मराठीत विचार करणारे असावेत, आणि त्यांना लागणारी पूर्वतयारी त्यांना त्यांच्या भाषेत मिळावी, यासाठी ही पाने आहेत.